सुप्रीम्स हे नाव नेमके कोणाचे?

१९६८ च्या फेब्रुवारीत फ्लॉरेन्स बॅलर्ड या चोवीस वर्षांच्या गायिकेने डेट्रॉइटच्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीबरोबर झालेल्या तडजोडीच्या कागदावर सही केली. तिला एकरकमी सुमारे १ लाख ४० हजार डॉलर मिळणार होते आणि त्या बदल्यात कंपनीवरचे पुढचे सगळे हक्क ती सोडून देणार होती. एवढ्यापुरते पाहिले तर मनोरंजनाच्या धंद्यात असे कागद रोजच होत असतात. पण या तडजोडीत आणखी एक अट होती : यापुढे स्वतःच्या गाण्यांची जाहिरात करताना आपण ‘सुप्रीम्स’मध्ये होतो, असे तिने म्हणायचे नाही. ज्या गायकसंचाची सुरुवात तिच्यापासून झाली, ज्याचे नाव तिने स्वतः निवडले आणि ती असताना ज्याची दहा गाणी अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली, त्या संचाशी आपला संबंध होता हे सांगायलाही तिला बंदी झाली.

ही अट कोणत्याही कायद्याने मान्य करू नये, असे माझे ठाम मत आहे. गायकसंचाच्या नावाला दोन वेगळे हक्क चिकटलेले असतात. ते नाव लावून कार्यक्रम करण्याचा आणि तबकड्या विकण्याचा हक्क हा एक, आणि मी त्या संचात होते, ती गाणी मी गायले, हे जगाला सांगण्याचा हक्क हा दुसरा. पहिल्याची देवघेव होऊ शकते, मात्र तीही मुदतीपुरतीच व्हावी. दुसऱ्याची देवघेव होताच कामा नये. सुप्रीम्सच्या कारकिर्दीत हे दोन्ही हक्क एकाच मालकाच्या हाती गेले आणि त्याचे परिणाम पुढे पन्नास वर्षे दिसत राहिले, म्हणून हा प्रश्न त्यांच्याच उदाहरणाने तपासावा असे मला वाटते.

डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी बांधलेल्या ब्रूस्टर-डग्लस या सरकारी वसाहतीत या मुली वाढल्या. १९५९ मध्ये मिल्टन जेन्किन्स हा व्यवस्थापक ‘प्राइम्स’ नावाच्या तरुणांच्या गायकसंचाला जोड म्हणून मुलींचा एक संच उभा करू पाहत होता. त्याला पहिली सापडली ती फ्लॉरेन्स. तिने शाळेतल्या गाण्याच्या कार्यक्रमात ओळख झालेल्या मेरी विल्सनला आणले. डायना रॉस आणि बेटी मॅकग्लोन या दोघी त्यानंतर आल्या. नाव ठरले ‘प्राइमेट्स’. पुढच्या वर्षी त्यांनी मोटाउनचा संस्थापक बेरी गॉर्डी याच्यापुढे गाऊन दाखवले, तेव्हा त्याने आधी शाळा पुरी करा असे सांगून त्यांना परत पाठवले. मुली मात्र हटल्या नाहीत. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरात कंपनीचा स्टुडिओ होता. शाळा सुटली की त्या तिथे जाऊन बसत आणि दुसऱ्या कोणाच्या ध्वनिमुद्रणात टाळ्या हव्या असतील, मागे दोन सूर हवे असतील, तर ते काम करून देत. अखेर जानेवारी १९६१ मध्ये गॉर्डीने करार देऊ केला, पण नाव बदलण्याच्या अटीवर. कंपनीत काम करणाऱ्या जेनी ब्रॅडफर्डने सुचवलेल्या नावांच्या यादीतून फ्लॉरेन्सने ‘सुप्रीम्स’ हे नाव उचलले. बाकीच्या मुलींना ते फारसे आवडले नव्हते.

त्या वेळी फ्लॉरेन्स सतरा वर्षांची होती, तर मेरी आणि डायना सोळा. त्या अल्पवयीन असल्यामुळे पालकांच्या सह्या घेतल्या गेल्या. ज्यांनी आयुष्यात रेकॉर्ड कंपनीचा करार कधी पाहिला नव्हता, अशा कष्टकरी घरांतल्या आईबापांच्या त्या सह्या होत्या. ज्या नावाला अजून काडीची किंमत नव्हती, ज्याला किंमत येईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, ते कंपनीच्या ताब्यात जात आहे याकडे त्या दिवशी कोणाचे लक्ष जाणार? इथेच या प्रश्नाची मेख आहे. नावाचा सौदा नेहमी नाव मोठे होण्याआधी होतो आणि त्याची खरी किंमत कळते तेव्हा सौदा केव्हाच पुरा झालेला असतो.

पहिली तीन वर्षे काहीच घडले नाही. गाण्यांमागून गाणी पडत गेली आणि कंपनीतले लोक त्यांना ‘नो-हिट सुप्रीम्स’ म्हणू लागले. बेटी आधीच गेली होती, तिच्या जागी आलेली बार्बरा मार्टिनही १९६२ मध्ये बाहेर पडली आणि तिघीच उरल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात त्या डिक क्लार्कच्या फिरत्या कार्यक्रमात जाहिरातीच्या तळाशी नाव छापलेल्या गायिका म्हणून बसने गावोगाव हिंडत होत्या. त्याच दौऱ्यात ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ हे गाणे वर चढू लागले. हे गाणे आधी ‘मार्व्हलेट्स’ या मोटाउनच्याच दुसऱ्या संचाला देऊ केले होते आणि त्यांनी ते नाकारले होते. ऑगस्टमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्यानंतर ओळीने आणखी चार गाणी तिथेच पोहोचली. डिसेंबरात एड सुलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या झळकल्या, १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबात गायल्या आणि १९६६ मध्ये ‘द सुप्रीम्स ए गो-गो’ हा त्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा अमेरिकेत तो मान मिळवणारा तो पहिलाच सर्व-महिला संच ठरला. १९६९ संपेपर्यंत पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांची संख्या बारा झाली. बीटल्सच्या ऐन भराच्या काळात त्यांच्या तोडीने टिकून राहिलेला अमेरिकी संच म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि ते रास्तच आहे.

या यशात कंपनीचा वाटा किती, हे प्रामाणिकपणे मोजले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद तिथेच आहे. गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन हा उद्योग सुरू केला होता. बारापैकी दहा गाणी ब्रायन हॉलंड, लॅमॉन्ट डोझियर आणि एडी हॉलंड या त्रयीची आहेत. मागे वाजणारा ताफा ‘फंक ब्रदर्स’चा, म्हणजे कंपनीच्या पगारी वादकांचा होता. मॅक्सिन पॉवेल या मुलींना चालणे, बसणे, बोलणे शिकवीत असे. त्यांचे पदन्यास चॉली अ‍ॅटकिन्स बसवीत असे. मैफलींच्या संगीताकडे मॉरिस किंग पाहत असे. ज्या काळात कृष्णवर्णीय कलाकारांना अमेरिकेच्या अनेक हॉटेलांत मागच्या दाराने जावे लागे, त्या काळात एका कृष्णवर्णीय माणसाने आपल्या कंपनीतल्या मुलींना तिथल्या रंगमंचावर सन्मानाने उभे केले. तीन वर्षे अपयश येत असतानाही त्याने त्यांच्यावर पैसा घातला. अशा माणसाने ‘हे नाव मी घडवले’ असे म्हटले, तर ते खोटे ठरवता येणार नाही.

पण ‘मी घडवले’ यातून ‘ते एकट्या माझे’ हे निघत नाही. हॉलंड-डोझियर-हॉलंड यांनी तशीच सुंदर गाणी इतरांसाठीही लिहिली आणि फंक ब्रदर्स तर सगळ्यांसाठीच वाजवीत होते. त्या सामग्रीतून सुप्रीम्स घडला, तो या तीन मुलींच्या आवाजांच्या जुळणीमुळे, डायनाच्या बारीक, धारदार सुराला मागून मिळालेल्या दोन भरीव आवाजांच्या आधारामुळे आणि वर्षानुवर्षे रात्रीमागून रात्री केलेल्या त्यांच्या श्रमांमुळे. शिवाय कंपनीने केलेल्या खर्चाची भरपाई कंपनीला मिळतच होती. ध्वनिमुद्रणाचा खर्च गायिकांच्या रॉयल्टीतून वळता होत असे. मोटाउनच त्यांची रेकॉर्ड कंपनी होती आणि मोटाउनच्याच शाखा त्यांचे व्यवस्थापन आणि गाण्यांचे प्रकाशन पाहत होत्या. ज्या व्यवस्थापकाने कलाकाराच्या वतीने कंपनीशी भांडायचे, तो त्याच कंपनीचा नोकर असेल, तर कलाकाराच्या बाजूने बोलायला कोणी उरतच नाही. अशा परिस्थितीत नावासारखी सर्वांत टिकाऊ मिळकतही एकाच पारड्यात टाकणे हा न्याय होऊ शकत नाही.

१९६७ मध्ये संचाचे नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ असे बदलले. त्याच उन्हाळ्यात लास वेगासच्या फ्लेमिंगो हॉटेलमधले कार्यक्रम सुरू असताना फ्लॉरेन्सला काढून टाकण्यात आले आणि तिच्या जागी सिंडी बर्डसाँग उभी राहिली. फ्लॉरेन्स त्या काळात दारू पीत होती, काही कार्यक्रम तिने चुकवले होते, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. एखाद्या सदस्याला संचातून काढण्याची वेळ येऊ शकते. माझा आक्षेप काढण्यावर नाही. काढल्यानंतर तिच्या हाती काय उरू दिले, यावर आहे.

तिच्या हाती उरला फक्त तिचा आवाज. एबीसी या कंपनीने तिला करारबद्ध केले, तिची दोन एकल गाणी काढली, ती चालली नाहीत आणि तयार होत आलेला अल्बम कपाटात गेला. ही गाणी कशी विकायची होती, याचा विचार करून पाहावा. रेडिओवरचा निवेदक, दुकानदार, वार्ताहर यांच्यापुढे फ्लॉरेन्स बॅलर्ड हे नाव ठेवायचे. पण ही कोण, असे त्यांनी विचारले तर त्याचे एकमेव खरे उत्तर जाहिरातीत छापायचे नाही. १९६१ ते १९६७ ही सात वर्षे, म्हणजे तिची जवळजवळ सगळी व्यावसायिक कारकीर्द, प्रसिद्धिपत्रकातून गाळायची. नवोदित गायिकेला निदान नवोदित म्हणून पुढे आणता येते. फ्लॉरेन्सला नवी म्हणता येत नव्हते आणि जुनी म्हणण्याची परवानगी नव्हती. गाणी पडण्याला इतर कारणेही असतील. पण ही अट नसती तर तिला किमान आपल्या नावावर उभे राहण्याची संधी मिळाली असती, एवढे म्हणायला कोणताही पुरावा शोधावा लागत नाही.

पुढचा उतार झपाट्याचा होता. तडजोडीचा पैसा वकिलाच्या कारभारात बुडाला. १९७१ मध्ये तिने मोटाउनवर ८७ लाख डॉलरचा दावा लावला, तो टिकला नाही. घर गेले आणि तीन मुलींना घेऊन तिला सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन ती गेली, तेव्हा ती ३२ वर्षांची होती.

ही कथा सांगताना बहुतेक लोक ती तीन मैत्रिणींच्या हेव्यादाव्याची कथा करून टाकतात. डायना महत्त्वाकांक्षी होती, गॉर्डीचा तिच्यावर जीव होता, फ्लॉरेन्सचा आवाज मोठा असूनही तिला मागे टाकले, वगैरे. यातले काही खरे असेलही. पण एका करारातल्या अन्यायाचे रूपांतर बायकांच्या भांडणात झाले, की करार लिहिणारे अलगद सुटतात. डायना रॉसने फ्लॉरेन्सच्या तडजोडीतली कलमे लिहिली नव्हती. उद्या डायनाऐवजी फ्लॉरेन्सच मुख्य गायिका झाली असती, तरी नाव कंपनीकडेच राहिले असते आणि मागे उभी असलेली कोणीतरी दुसरी मुलगी त्याच कागदावर सही करून बाहेर पडली असती. म्हणून मला या प्रकरणात कोणाच्या स्वभावापेक्षा मालकीची रचना महत्त्वाची वाटते.

त्या रचनेत नाव आणि गळा यांची किती फारकत होऊ शकते, हे १९६९ च्या एका ध्वनिमुद्रणात स्पष्ट दिसते. ‘समडे वुईल बी टुगेदर’ हे डायना रॉस अँड द सुप्रीम्स या नावाने निघालेले शेवटचे पहिल्या क्रमांकाचे गाणे. डायना आता संच सोडून एकटी गाणार होती, त्यामुळे ते गाणे निरोपाचे गाणे म्हणून लोकांनी डोक्यावर घेतले. पण त्यात मेरी विल्सन गायलेली नाही आणि सिंडी बर्डसाँगही नाही. मागचे आवाज मॅक्सिन आणि ज्युलिया वॉटर्स या बहिणींचे आहेत. अधूनमधून डायनाला प्रोत्साहन देणारा पुरुषी आवाज ऐकू येतो, तो निर्माता जॉनी ब्रिस्टलचा. आदल्या वर्षीच्या ‘लव्ह चाइल्ड’मध्येही मागे कंपनीच्या ‘अँडान्टीज’ या कोरसमधल्या गायिका होत्या. म्हणजे ज्यांनी गायले त्यांचे नाव तबकडीवर नाही आणि ज्यांचे नाव तबकडीवर आहे त्यांचा सूर गाण्यात नाही. वॉटर्स बहिणी आणि अँडान्टीज यांच्यावर झालेला अन्यायही माझ्या मते त्याच जातीचा आहे, कारण आपण काय गायलो हे सांगण्याचा हक्क त्यांच्याही वाट्याला नीट आला नाही. नाव एकदा गाणाऱ्यांपासून सुटले, की ते कोणाच्याही गळ्यावर चिकटवता येते आणि श्रोत्याला त्याचा पत्ता लागत नाही.

असे करणारी मोटाउन ही पहिली नव्हती. न्यूयॉर्कच्या ‘ड्रिफ्टर्स’ या संचाचे नाव जॉर्ज ट्रेडवेल या व्यवस्थापकाच्या मालकीचे होते. १९५८ मध्ये त्याने त्या संचातले सगळे गायक एकदम काढून टाकले, ‘फाइव्ह क्राउन्स’ नावाच्या दुसऱ्याच संचातल्या मुलांना आणून उभे केले आणि दुसऱ्या दिवसापासून तेच ड्रिफ्टर्स झाले. त्या मुलांत पुढे गाजलेला गायक बेन ई. किंग होता, त्यामुळे संगीताचे नुकसान झाले नाही, उलट फायदाच झाला. व्यवस्थापकांच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण हमखास देतात. परंतु नवे गायक चांगले निघाले म्हणून जुन्यांचे नाव काढून घेणे योग्य ठरत नाही. आणि काही काळाने त्या नव्या गायकांनाही पगारी नोकरांसारखेच वागवले गेले, हे त्या उदाहरणात सांगायचे राहून जाते.

डायना गेल्यावर मेरी विल्सनने सुप्रीम्स आणखी सात वर्षे चालवला. जीन टेरेल, लिंडा लॉरेन्स, शेरी पेन, सुझे ग्रीन अशा गायिका येत-जात राहिल्या, ‘स्टोन्ड लव्ह’सारखी उत्तम गाणी या काळात निघाली, आणि जून १९७७ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात शेवटचा कार्यक्रम होऊन संच विसर्जित झाला. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत संचात राहिलेली मेरी ही एकटीच. तरीही नावासाठी तिला मोटाउनशी न्यायालयात भांडावे लागले आणि ते नाव तिचे झाले नाही. १९८० च्या दशकात जीन, शेरी आणि लिंडा पुन्हा एकत्र गाऊ लागल्या, तेव्हा त्यांना ‘सुप्रीम्समधल्या माजी स्त्रिया’ अशा अर्थाचे लांबलचक नाव घ्यावे लागले. मोटाउन १९८८ मध्ये ६ कोटी १० लाख डॉलरना विकली गेली. त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सुप्रीम्सचा समावेश झाला. मेरी आणि फ्लॉरेन्सची मुलगी यांनी तो मान स्वीकारला. एका बाजूला मान मिळवणाऱ्या स्त्रिया आणि दुसऱ्या बाजूला हातोहात विकली जाणारी मिळकत, असे चित्र एकाच वर्षात उभे राहावे हे मला फार बोलके वाटते.

पुढे मेरीने आपले बळ एका कायद्यामागे लावले. जुन्या संचांची नावे लावून, त्या संचाशी काडीचा संबंध नसलेले गायक गावोगाव कार्यक्रम करीत आणि प्रेक्षक खऱ्या कलाकारांना पाहायला आलो या समजुतीने तिकिटे काढीत. याला आळा घालणारा ‘ट्रूथ इन म्युझिक’ या नावाने ओळखला जाणारा कायदा व्हावा म्हणून ती राज्याराज्यांच्या विधिमंडळांपुढे जाऊन बोलली. तीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. हे काम मोठे आहे आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचे निधन झाले तेव्हा त्याचा व्हायला हवा होता तितका गौरव झाला नाही. मात्र या कायद्यांचा मजकूर बारकाईने पाहिला, तर त्यात एक पळवाट मुद्दाम ठेवलेली दिसते. ज्याच्याकडे नावाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, त्याला हा कायदा अडवीत नाही. म्हणजे तोतया गायकांचा बंदोबस्त होतो. पण मालक कंपनी असेल आणि तिने उद्या तीन नव्या मुली उभ्या केल्या, तर त्या कायद्याच्या दृष्टीने खऱ्या ठरतात. ज्या अन्यायाने मेरीला या लढ्यात आणले, त्याला तिनेच आणलेला कायदा शिवत नाही.

नावाच्या मालकीने प्रेक्षक मात्र फसतोच असे नाही. २००० साली डायना रॉस आणि सुप्रीम्स यांच्या पुनर्मीलनाचा दौरा जाहीर झाला. मानधनावरून मेरी आणि सिंडी यांच्याशी जमले नाही, म्हणून डायनाबरोबर शेरी पेन आणि लिंडा लॉरेन्स गेल्या. दोघीही समर्थ गायिका, दोघीही खऱ्याखुऱ्या सुप्रीम्स; पण डायनाने संच सोडल्यानंतर दोन-तीन वर्षांनी आलेल्या. ज्या एकत्र कधी गायल्याच नव्हत्या, त्यांचे पुनर्मीलन कसले, असे लोकांनी विचारले, महागडी तिकिटे पडून राहिली आणि दौरा अर्ध्यावर गुंडाळावा लागला. लोकांच्या मनात नावाला चेहरे आणि आवाज असतात. कायद्यानेही नावाकडे त्याच नजरेने पाहावे, एवढीच माझी मागणी आहे.

नाव गायकांकडे दिले तर भांडणे मिटतील, असा माझा दावा नाही. ‘टेम्प्टेशन्स’ हे नाव संस्थापक गायक ओटिस विल्यम्सकडे आहे आणि तिथेही माजी सदस्य डेनिस एडवर्ड्सबरोबर न्यायालयापर्यंत वाद गेला. पण त्या वादाचा शेवट कसा झाला ते पाहण्यासारखे आहे : डेनिसला ‘टेम्प्टेशन्स रिव्ह्यू फीचरिंग डेनिस एडवर्ड्स’ या नावाने कार्यक्रम करता आले. संच त्याचा नाही हे लोकांना कळले आणि तो त्या संचात होता हेही कळले. फ्लॉरेन्सला १९६८ मध्ये याहून अधिक काही नको होते. कंपनीकडे नाव राहते तेव्हा इतकीही वाट मिळत नाही. १९७५-७६ मध्ये जॅक्सन बंधू मोटाउन सोडून गेले, तेव्हा ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव त्यांना मागे ठेवावे लागले आणि ते ‘द जॅक्सन्स’ झाले. ते तरून गेले, कारण कंपनीने नाव ठेवून घेतले तरी आडनाव ठेवून घेणे तिला शक्य नव्हते. बहुतेक संचांतल्या गायकांना असा आधार नसतो.

ही १९६० च्या दशकातली जुनी गोष्ट आहे, आता कलाकार शहाणे झाले आहेत, असे म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावे. २००९ पासून ‘बीस्ट’ या नावाने गाणाऱ्या संचातल्या तरुणांनी करार संपल्यावर २०१६ मध्ये कंपनी सोडली, तेव्हा नाव कंपनीकडेच राहिले आणि २०१७ मध्ये त्यांना ‘हायलाइट’ या नव्या नावाने सुरुवात करावी लागली. त्यांच्या चाहत्यांनी त्यांना ओळखले, कारण आज चेहरे हातातल्या पडद्यावर असतात. पण ज्यांना ती लोकप्रियता लाभलेली नाही, अशा कितीतरी संचांची नावे अशीच कंपन्यांच्या कपाटात पडून असणार. उलट ब्रिटनच्या ‘शुगाबेब्स’चे उदाहरण आशा देणारे आहे. १९९८ मध्ये म्युट्या, कीशा आणि शिवॉन या तीन मुलींनी सुरू केलेल्या या संचात २००९ पर्यंत मूळची एकही गायिका उरली नव्हती, तरी संच त्याच नावाने चालूच होता. मूळच्या तिघी एकत्र आल्या तेव्हा त्यांना नुसती आपली पहिली नावे एकापुढे एक लावून गावे लागले. २०१९ मध्ये नाव त्यांच्याकडे परत आले आणि त्यानंतर त्यांचे मैदानभर गर्दीचे कार्यक्रम झाले. कंपनीचे त्यात काही बुडाले नाही. जुन्या तबकड्यांना नवे श्रोते मिळाले, हा उलट लाभच झाला.

कायद्याने करारात हात घालू नये, सज्ञान माणसांनी सही केली की ती पाळावी, असा एक आक्षेप नेहमी येतो. तो मान्य करायचा तर कलेच्या क्षेत्रात कायद्याने आजवर केलेले बरेच काही रद्द करावे लागेल. कॅलिफोर्नियात वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांहून अधिक काळ कोणावरही लादता येत नाही. १९७६ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्याने तर याहून पुढचे पाऊल टाकले. १९७८ पासून लेखकाने किंवा संगीतकाराने आपल्या रचनेचे हक्क दिले असतील, तर ३५ वर्षांनी ते परत मागण्याची मुभा त्याला आहे आणि करारात काहीही लिहिलेले असले तरी ती मुभा जात नाही. यामागचे कारण अगदी साधे आहे. कलाकृतीची किंमत ती लोकांपुढे गेल्यावरच कळते आणि सही त्याआधी घेतलेली असते. आपल्याकडेही २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटांच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा सहीने सोडून देता येणार नाही, असे ठरवले. गाण्याच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले, ते गाणाऱ्यांच्या नावाच्या बाबतीत का मान्य होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोठे वाचायला मिळालेले नाही.

मला अपेक्षित असलेली तरतूद फार अवघड नाही. ध्वनिमुद्रणाचा करार चालू आहे तोवर नाव वापरण्याचा परवाना कंपनीकडे असावा आणि त्या काळातल्या तबकड्या त्या नावाने विकण्याचा हक्क तिच्याकडे कायमचा राहावा, म्हणजे तिने घातलेला पैसा सुरक्षित राहील. करार संपला की नाव त्या गायकांकडे जावे, ज्यांनी त्या नावाने प्रत्यक्ष गाऊन ते लोकांपर्यंत नेले. त्यांच्यात मतभेद झाले तर न्यायालयाने टेम्प्टेशन्सप्रमाणे वेगळे नाव लावून मार्ग काढावा. अल्पवयात झालेल्या करारातली नावाविषयीची कलमे मूल सज्ञान झाल्यावर स्वतंत्र वकिलाच्या सल्ल्याने पुन्हा मान्य केली नसतील, तर ती बाद समजावीत. आणि संचातून बाहेर पडलेल्या माणसाला आपण कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत त्या संचात होतो, कोणती गाणी गायलो, हे छापण्याचा आणि बोलण्याचा हक्क असावा. तो सोडून देण्याचे कलम कितीही पैसे मोजून लिहून घेतले तरी न्यायालयाने ते मानू नये.

अशाने नव्या मुलांवर पैसा कोण लावील, असे कंपन्या विचारतील. मोटाउनच्याच ‘फोर टॉप्स’मध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९७ मध्ये एकाचे निधन होईपर्यंत तेच चार गायक होते. गॉर्डीने त्यांच्यावरही पैसा लावला आणि तो भरपूर वसूल झाला. त्या चौघांनी मधल्या काळात कंपन्या बदलल्या, पुन्हा मोटाउनकडे आले, तरी फोर टॉप्स म्हणजे ते चौघे, याबद्दल कोणाच्या मनात कधी शंका आली नाही आणि त्यापायी कोणाचा धंदाही बसला नाही.